पन्हाळ्यावर पहिलीच थंडी काढताय? दसऱ्यापासून काय काय करायचं ते सांगतो

नोकरीमुळं, बदलीमुळं नाहीतर रिटायर झाल्यावर जरा शांत जागा पाहिजे म्हणून कोल्हापुरातनं पन्हाळ्यावर राहायला येणारे आता बरेच झालेत, आणि ऑक्टोबर उजाडला की सगळ्यांचा प्रश्न ठरलेला, वर थंडी किती असते आणि रग किती घ्यायचे? माझं म्हणणं असं की रग नंतर घ्या, आधी घर वाळवा. गडावरची थंडी आकड्यात बघितली तर काही भयंकर नसते, पण भिंतीत मुरलेला चार महिन्यांचा पाऊस आणि त्यावर पूर्वेकडनं येणारा वारा हे दोन्ही एकत्र आले की मग गारठा हाडात शिरतो आणि तीन-तीन रग घेऊनसुद्धा पाय गरम होत नाहीत. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा आहे.

आकड्याचं एकदा सांगून टाकतो. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, गड साडेनऊशेच्या वर. फरक चारशे मीटरचा. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशानं गार होते, त्या हिशेबानं खालच्या आणि वरच्या तापमानात दिवसा दोन-अडीच अंशांचा फरक पडतो, बास. रात्रीचं गणित मात्र वेगळं आहे बघा. वारा पडलेला असेल आणि आभाळ मोकळं असेल तर गार हवा जड होऊन उतारावरनं खाली सरकते आणि नदीकाठाला, उसाच्या पट्ट्यात साठून बसते. त्यामुळं पहाटे गाडीवरनं गड उतरताना वाघबीळच्या खाली गेलं की एकदम गार भपका अंगावर येतो, आणि नवीन माणूस चक्रावतो की वरच्यापेक्षा खाली जास्त गार कसं काय? त्याच सकाळी वरनं बघितलं तर खालची सगळी गावं धुक्यात बुडालेली असतात आणि आपल्या अंगणात मात्र कोवळं ऊन पडलेलं असतं. तेव्हा वर राहताय म्हणजे रोज खालच्यांपेक्षा जास्त काकडाल असं मनात धरू नका, वर खरा त्रास वाऱ्याचा आणि ओलीचा.

आता वेळापत्रक. आपल्या भागातनं मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत माघार घेतो, त्याआधी परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाट करून दोन-चार वेळा धुऊन काढतो, आणि मग सुरू होते ऑक्टोबर हीट. लोक ह्या उन्हाला शिव्या घालतात, पण गडावर राहणाऱ्याला हे ऊन म्हणजे सोनं आहे. नवरात्र ते दिवाळी हा जो मधला काळ आहे त्यातच घर वाळवायचं सगळं काम उरकलं पाहिजे, कारण नंतर दिवस लहान होतो, ऊन तिरकं होतं आणि रात्रीचं दव सकाळी उशिरापर्यंत सुकत नाही. थंडी खरी बसली हे ओळखायची माझी खूण म्हणजे अंबाबाईचा किरणोत्सव. 9, 10, 11 नोव्हेंबरला मावळतीची किरणं देवळात पार मूर्तीपर्यंत जातात, त्या सुमाराला गडावर संध्याकाळी स्वेटर लागायला लागतो. आणखी एक घरातली खूण सांगतो, बाथरूममधली खोबरेल तेलाची बाटली सकाळी गोठलेली दिसली की समजायचं पारा चोवीसच्या खाली आला.

पहिलं काम, भिंती. गडाच्या माथ्यावर जांभा आहे आणि जुन्या घरांतनं, कंपाऊंडच्या भिंतींतनं तो भरपूर वापरलाय. जांभा छिद्राछिद्रांचा दगड, पाणी पितो आणि सावकाश सोडतो. त्यामुळं बाहेरनं भिंत कोरडी दिसली तरी आतनं ओली असू शकते. एक सोपी परीक्षा करा. जाड प्लॅस्टिकचा फूटभर चौकोन कापा, भिंतीवर चारी बाजूनं चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. काढल्यावर भिंतीच्या बाजूनं घाम आलेला दिसला तर ओल भिंतीत आहे, म्हणजे अजून वाळायची आहे किंवा कुठनं तरी पाणी मुरतंय. घाम बाहेरच्या बाजूनं आला असेल तर ओल खोलीच्या हवेत आहे, कपडे आत वाळत घालणं बंद करा आणि खिडक्या उघडा. भिंत ओली असताना दिवाळी आली म्हणून घाईनं रंग मारू नका, पोपडे धरतात आणि पैसे वाया जातात. घरमालक म्हणेल मारून घेऊया, तुम्ही थांबा म्हणायचं.

कपाटं, पलंग, पुस्तकांचे रॅक भिंतीपासनं चार बोटं पुढं ओढा, मागनं वारा फिरला पाहिजे. मागच्या बाजूला बुरशी दिसली तर कोरड्या झाडूनं झाडायची नाही, ती उडून थेट छातीत जाते, घरात दम्याचा माणूस असेल तर त्याला लगेच त्रास होतो. तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसायची, मग ब्लिचिंगचं पातळ पाणी फिरवायचं आणि पंखा लावून सुकवायचं. ब्लिचिंगमध्ये ॲसिड किंवा संडास धुवायचं लिक्विड अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो.

गाद्या, उशा, वाकळा ऊन बघून सलग तीन-चार दिवस बाहेर टाका. दहा वाजता टाका आणि चार वाजायच्या आत उचला. संध्याकाळपर्यंत ठेवलं तर दिवसभर वाळलेली गादी परत दमट होते, आणि नव्या लोकांचं नेमकं इथंच चुकतं, कारण शहरात सहाला उचललं तरी चालतंय. ट्रंकेतले लोकरीचे कपडेपण ह्याच वेळी काढा.

चपलांचं वेगळं सांगायला पाहिजे. कोल्हापुरी पायताण पावसाळाभर कोपऱ्यात पडलेलं असतं आणि ऑक्टोबरात काढलं की त्यावर पांढरी बुरशी. लोक ते धुतात आणि कडक उन्हात टाकतात, मग कातडं लाकडासारखं होतं आणि वेणीजवळ तडकतं. तसं करू नका. बाहेर नेऊन कोरड्या सुती फडक्यानं पुसा, वेणीच्या खाचेत जुना टूथब्रश फिरवा, सावलीत पण वाऱ्याला दोन दिवस ठेवा आणि मग बोटावर थोडं तेल घेऊन तळापासनं वरपर्यंत हात फिरवा, रात्रभर मुरू द्या. दिवाळीला घालायला पायताण परत मऊ झालेलं असतं.

दुसरं काम, छप्पर. कौलारू घर असेल तर सरकलेली, फुटलेली कौलं आत्ताच बघून घ्या, कौलं परतायला माणसं ह्या दिवसांत मिळतात. पत्र्याचं घर असेल तर एक गोष्ट आधीच माहीत पाहिजे नाहीतर घाबराल. मोकळ्या आभाळाच्या रात्री पत्रा झपाट्यानं गार पडतो, आणि आत आपल्या श्वासाची, स्वयंपाकाची जी वाफ असते ती त्याला खालून चिकटून तिचं पाणी होतं, पहाटे टप टप अंगावर. पाऊस नाही, पत्र्याला भोक नाही, तरी गळतंय! मिस्त्री बोलावून वर डांबर फासून काही होत नाही. पत्र्याखाली प्लायचं नाहीतर पीव्हीसीचं सीलिंग करा, पत्रा आणि सीलिंगमध्ये हवा खेळेल अशा दोन बाजूंनी जाळ्या ठेवा, आणि रात्री स्वयंपाक झाला की खिडकी थोडा वेळ उघडी ठेवून वाफ बाहेर घालवा. आणि हो, बांधकामाचं काहीही करताना, साधी पडवी वाढवायची असली तरी, आधी नगरपरिषदेत विचारा. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते, डागडुजीलासुद्धा. 2025 साली पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तो जपायची जबाबदारी इथं राहणाऱ्या आपल्यावरच आहे.

तिसरं, वारा. पावसाळ्यात वारा आणि झड मावळतीकडनं येते म्हणून सगळ्यांनी पश्चिमेच्या खिडक्यांना ताडपत्री, प्लॅस्टिक लावलेलं असतं. पाऊस गेला की वारं फिरतं, उगवतीकडनं यायला लागतं. तेव्हा पश्चिमेचं प्लॅस्टिक काढून टाका, दुपारचं ऊन आत येऊ द्या, आणि सगळं लक्ष पूर्वेच्या बाजूवर द्या. रात्री अगरबत्ती पेटवून खिडकीच्या चौकटीजवळनं, दाराखालनं सावकाश फिरवा, धूर जिथं हलतो तिथनं वारा येतोय. तिथं हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी फोमची पट्टी लावायची, दाराखाली जुन्या साडीची गुंडाळी सारायची, जाड पडदा लावायचा. पण सगळं घर डबाबंद करू नका, एखादी वरची झडप उघडी पाहिजेच, का ते पुढं सांगतो.

झोपायची खोली बदलता आली तर दक्षिणेकडची घ्या. थंडीत सूर्य दक्षिणेकडं कलतो, डिसेंबरात भर दुपारीसुद्धा क्षितिजापासनं जेमतेम पन्नास अंशांवर असतो, त्यामुळं दक्षिणेच्या खिडकीतनं ऊन खोलीत आतपर्यंत येतं आणि फरशी तापते. भाड्याचं घर अजून बघत असाल तर हे जरूर बघा, दरीच्या व्ह्यूपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

चौथं, गरम पाणी, आणि इथं जरा थांबून वाचा कारण हा जिवाचा प्रश्न आहे. बंब असेल तर उत्तम, आपल्याकडं अजून बऱ्याच घरांत आहे. बंब नेहमी बाहेर, पडवीत किंवा शेडमध्ये पेटवायचा, पाणी भरल्याशिवाय जाळ घालायचा नाही नाहीतर सांध्याचा डाग, म्हणजे झाळ, सुटतो, आणि राख गार झाल्याशिवाय प्लॅस्टिकच्या बादलीत भरायची नाही. जळणाला ढलप्या, करवंट्या, चिपाडं पावसाळ्यात भिजलेली असतात, ती ह्याच ऑक्टोबरच्या उन्हात पसरून ठेवा, ओलं जळण नुसता धूर करतं.

गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर बसवून घ्या. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू असला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला कळायच्या आत चक्कर येते आणि तो तिथंच पडतो. थंडीत खिडकी बंद करून आंघोळ करायची सवय असते म्हणून धोका ह्याच दिवसांत वाढतो. बाहेर बसवणं शक्यच नसेल तर आधी बादली भरून घ्या, गीझर बंद करा, खिडकी उघडा आणि मग आंघोळीला जा. डोकं जड झालं, मळमळलं तर तसंच बाहेर या, कपड्यांचा विचार करू नका. कोळशाच्या शेगडीचंही तेच. बाळंतिणीच्या खोलीत, म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत शेक द्यायला शेगडी ठेवतात, शेक झाला की ती बाहेर गेली पाहिजे. दारं-खिडक्या लावून शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही म्हणजे नाही, निखारे नुसते लाल असले तरी वायू सुटतच असतो. झडप उघडी ठेवा म्हणलो ते ह्यासाठी.

सोलर असेल तर पावसाळ्यात काचेवर शेवाळ धरतं ते घासून घ्या, आणि नळाला येणारं सुरुवातीचं गार पाणी भांडी घासायला बादलीत धरा.

पांघरुणाचा नंबर आत्ता. कोल्हापूरकडची वाकळ, जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली, गडाच्या थंडीला पुरते. तिच्यावर एक घोंगडं टाकलं की वाऱ्याची रात्रसुद्धा निघून जाते. खरं घोंगडं घ्यायचं असेल तर धनगरांकडनं लोकरीचं घ्या, दसऱ्यानंतर पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची मोठी यात्रा भरते तिकडं गेलात तर चौकशी करा. सुरुवातीला टोचतं, म्हणून थेट अंगावर न घेता वाकळेवर घ्यायचं. खाली अंथरायला जेन, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड अंथरूण, मिळालं तर सोडू नका, गार फरशीवर लोकरीचं जेन आणि त्यावर गादी टाकली की खालनं येणारा गारठा तुटतो, आणि अंगावर कितीही घेतलं तरी खालनं गारठा येत असेल तर झोप लागत नाही. कपड्यांचं म्हणाल तर एका जाड जॅकेटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, कारण इथं दुपारी एक वाजता हाफ शर्टावर फिरता येतं आणि सातला कानटोपी लागते. गाडीच्या डिकीत एक विंडचीटर ह्या महिन्यापासनं शिवरात्रीपर्यंत पडूनच असू द्या.

रोज कोल्हापूरला ये-जा करणाऱ्यांसाठी आता महत्त्वाचं. दिवाळीच्या आगंमागं गुऱ्हाळं आणि साखर कारखाने सुरू होतात आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या येतात, एका ट्रॅक्टरला दोन-दोन. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं लाईट नसतो, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाड्यानं झाकलेला. अंधार, वर धुकं आणि पुढं उभी असलेली ट्रॉली, ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की अपघात ठरलेला. नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या सुमारालाच दिवस मावळतो, म्हणजे ऑफिस सुटून केर्लीपर्यंत येता येता अंधार झालेला असतो. तेव्हा स्पीड चाळीसच्या आत, हेडलाईट लो बीमवर, हाय बीम धुक्यावर आपटून परत आपल्याच डोळ्यावर येतो. पुढचं दिसत नाही तोवर ओव्हरटेक नाही. हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते, ती थोडी उघडी ठेवा. पहाटे घाटातल्या वळणांवर दवानं रस्ता ओला असतो, त्यात ट्रॉलीतनं सांडलेली चिपाडं आणि चिखल, टू-व्हीलरला पुढचा ब्रेक जपून. आणि गवे. रात्री, पहाटे ते रस्ता ओलांडतात. एक दिसला की मागं अजून असणार असं धरून लाईट तसाच ठेवून लांब थांबा, हॉर्न मारू नका, फोटो काढायला उतरू नका, सगळे गेले की निघा.

अंगाचं थोडक्यात सांगतो. हवा कोरडी झाली की टाचा फुटतात, त्याला कोकमाचं तेल, आपण आमसुलाचं तेल म्हणतो ते, कोकणातनं गोळे येतात. थोडं पळीत पातळ करून रात्री भेगांत भरा आणि मोजे घालून झोपा, महागड्या क्रीमा लागत नाहीत. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी वाढतं, म्हणून घरात बीपीचा, हार्टचा पेशंट असेल तर दिवाळीआधी एकदा डॉक्टरांना दाखवून गोळ्यांचा डोस बघून घ्या. तबक उद्यानाकडं नाहीतर तटावर फिरायला जाणाऱ्या आजी-आजोबांना पहाटे पाचला पाठवू नका, ऊन पडल्यावर आठला जाऊ दे. इन्हेलर वापरणाऱ्यांनी जास्तीचा एक घरात ठेवा, रात्री-अपरात्री धुक्यातनं खाली पळायला लागू नये. तहान लागत नाही म्हणून पाणी प्यायचं राहून जातं, तेवढं लक्ष ठेवा. खाण्याचं मी काय सांगायचं, बाजरीची भाकरी, लोणी, झुणका, खर्डा आणि गुऱ्हाळावरनं आणलेली ताजी काकवी, ह्यावर कोल्हापूरच्या माणसाला सल्ला लागत नाही.

घर आवरताना जुने स्वेटर, रग निघतील. ते भंगारात घालू नका. उसाच्या तोडीला बीड वगैरे लांबच्या जिल्ह्यांतनं कुटुंबं येतात, खाली रानात पाचटाच्या खोप्यांतनं राहतात, लहान लहान पोरं असतात, आणि आधी सांगितलं तसं रात्री जास्त गारठा तिथंच साठतो. धुऊन, बटणं लावून, नोव्हेंबरातच नेऊन द्या. जानेवारीत दिलेल्या रगाचा काय उपयोग, निम्मी थंडी त्यांनी कुडकुडत काढलेली असते. पोरांच्या मापाच्या कानटोप्या आणि मोजे जास्त लागतात, मोठ्यांचे कपडे बरेच जण देतात.

आणि शेवटचं एक. नोव्हेंबर-डिसेंबरात कधीतरी बंगालच्या उपसागरात नाहीतर अरबी समुद्रात चक्रीवादळ होतं आणि आपल्याकडं दोन-चार दिवस आभाळ भरून येतं. ढगांमुळं रात्रीची उष्णता वर निघून जात नाही, थंडी एकदम गायब होते, घरात उकडतं आणि लोक म्हणतात संपली थंडी. रग धुऊन ट्रंकेत भरू नका. ढग गेले की दुसऱ्याच रात्री पारा घसरतो आणि हवेत ओल असल्यामुळं धुकं दाट पडतं. ह्या दिवसांत गच्चीवर गादी टाकून कामाला जाऊ नका, जळण झाकून ठेवा, आणि प्लॅस्टिकच्या चौकोनाची ती भिंतीची परीक्षा पाऊस झाला असेल तर परत एकदा करून बघा.